शेवंतीहून लहान कुत्रं

विसाजीपंत इनामदारांनी एके दिवशी आपल्या बिऱ्हाडकरूंसाठी नवा नियम काढला. पंतांच्या शेवंतीहून मोठं कुत्रं कुणी पाळायचं नाही! शेवंती म्हणजे पंतांची लाडकी कुत्री, वीतभर उंची आणि तोरा मात्र राणीचा. पंधरा खोल्या भाड्यानं दिल्या, की माणसाला वाटतं, लोकांच्या कुत्र्यांची मापंही आपणच ठरवावीत.

नियमात सापडला एकटा ढाण्या. चंद्रा कासारणीचा हा कुत्रा वासराएवढा दांडगा. चंद्रा एकटी बाई, दिवसभर बांगड्या विकत हिंडायची आणि घर राखायचा ढाण्या. त्याला सोडणं तिला शक्यच नव्हतं. ती पंतांकडं गेली, पाया पडली. पंतांनी पान चघळत सगळं ऐकलं आणि तोंड वाकडं करून सुनावलं, "ढाण्या माझ्या शेवंतीहून लहान आहे, असं उद्या चारचौघांत दाखव. नाहीतर खोली रिकामी कर!"

आजूबाजूचे हुजरे फिदीफिदी हसले. त्यांना काय, पंत शिंकले तरी हसायचं. चंद्रानं डोळे पुसले आणि विचारलं, "पण पंत, लहानमोठं ठरवायचं कशावरून?"

"किती जागा अडवतं त्यावरून! मोठं कुत्रं माझं अंगण अडवतं, म्हणून तर नियम केला."

चंद्रा परतली. सामाईक अंगण बिऱ्हाडकरणी पाळीपाळीनं सारवत. दुसऱ्या दिवशी पाळी चंद्राची होती. तिनं सकाळीच अंगण शेणानं गुळगुळीत सारवलं, ढाण्याला दारापाशी बसवलं आणि शेजाऱ्यांना गोळा केलं. पंत आले, शेवंतीला काखेत मारून. चंद्रानं तिलाही खाली सोडायला सांगितलं.

सोडायचा अवकाश, शेवंती ओल्या सारवणावरून सुसाट सुटली! तुळशीपाशी गेली, रांजणापाशी गेली, ढाण्यावर भुंकली, पुन्हा गरगर फिरली. ढाण्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. घटकाभरात अख्ख्या अंगणात तिच्या पावलांचे ठसे उमटले.

"आता मोजा, पंत," चंद्रा म्हणाली. "माझ्या ढाण्यानं बसकराएवढी जागा घेतली. तुमच्या शेवंतीला सगळं अंगण पुरलं नाही. तुमच्याच मापानं सांगा, खोली कुणी सोडायची?"

पंतांनी अंगणभरचे ठसे पाहिले. मग पोट धरून असे हसले, की पानाचा तोबरा सदऱ्यावर सांडला. नियम त्यांनी तिथल्या तिथं रद्द केला आणि चंद्राला रस्त्याकडची मोठी खोली बक्षीस दिली. चंद्रानं ती घेतली. पण आधी अंगण पुन्हा सारवून घेतलं, पंतांच्या हुजऱ्यांकडून.