थोरली जवणी, धाकटी जवणी

घाट चढून वर आलं की जिथे पहिली सपाट जमीन लागते, तिथे फार वर्षांपूर्वी एक गाव होतं. त्या गावात गोजरा नावाची एक बाई राहायची आणि ती जवणी बनवायची.

जवणी म्हणजे जवाचं फेसाळ पेय. आज आपण जिला बीअर म्हणतो, तिच्याच कुळातली. जव भिजवायचे, मोड आणायचे, मंद आचेवर भाजायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे. त्यांचा गोडवा पाण्यात उतरला की ते पाणी गाळून घ्यायचं, किराईताच्या कडू काड्या टाकून उकळायचं आणि रांजणात आंबायला ठेवायचं. मागे राहिलेला चोथा म्हशींना.

गोजराच्या वडिलांपासून हा धंदा चालत आला होता. कोकणातून मिठाच्या गोण्या घेऊन बैलांचे तांडे घाट चढून येत. तांड्याचे गडी घामाने निथळत वर पोचले की बैल सोडत आणि थेट जवणीच्या घरासमोर बसकण मारत. वडिलांची जवणी बरी होती, फार चांगली होती असं नाही. कधी धुरकट लागायची, कधी आंबटढाण. पण ती सगळ्यांना परवडायची आणि ओट्यावर बसायला जागा पुरायची नाही.

गोजराच्या हाताला मात्र देवाने वेगळी चव दिली होती. वडिलांमागे धंदा तिच्याकडे आला आणि ‘बरी’ हा शब्द तिला खुपू लागला. तिने टपोरे जव निवडून घ्यायला सुरुवात केली. भट्टीशी स्वतः बसून ते भाजले. डोंगरातला मध आणवला. डोंगराच्या पोटात एक गार गुहा होती, तिथे रांजण महिनोन्‌महिने मुरत ठेवले. मग जी जवणी तयार झाली ती मधाच्या रंगाची होती, जिभेवर आधी गोड, मग कडू, आणि गिळल्यावर पुन्हा गोड लागायची.

तिचं नाव राजधानीपर्यंत गेलं. राजवाड्यातून मागणी आली, मागोमाग सावकार आले, सरदार आले. भाव चढत गेला, आणि तो उगीच चढत नव्हता. निवडलेले जव महाग, मध महाग, आणि महिनोन्‌महिने गुहेत पडून राहणाऱ्या रांजणापाठी राबणाऱ्या गड्यांची मजुरी तर द्यावीच लागे. गोजराने कधी कुणाला फसवलं नाही. आपला भाव चोख आहे याचा तिला अभिमान होता.

एका उन्हाळ्यात ती दुपारची दारात उभी होती. समोर वडाच्या पारावर खेमा नाईक बसला होता. मिठाच्या तांड्याचा हा म्हातारा नायक गोजराला तिच्या परकरातल्या वयापासून ओळखत होता. त्याचे गडी भोवती पसरले होते आणि सगळे विहिरीचं पाणी पीत होते.

गोजरा पारावर गेली. “नाईक, दारासमोर बसून पाणी काय पिताय? आत या की.”

खेमा हसला. “तुझ्या ओट्यावर आता मोठी माणसं बसतात, गोजरे. आणि तुझं एक मडकं घ्यायचं तर माझ्या गड्याची दिवसभराची मजुरी जाते. मग घरी काय न्यावं त्याने?”

गोजराच्या गालावर जणू चपराक बसली. “म्हणजे मी लुटते, असंच ना? जव काय भावाने येतात ठाऊक आहे? मध? गुहेतल्या गड्यांची मजुरी? हिशेब मांडून दाखवू?”

“नको गं. मी कुठे म्हटलं लुटतेस? तुझा भाव खराच असणार. तुझा बापही खोटा नव्हता.” खेमाने लोटा खाली ठेवला. “पण खरा भावसुद्धा परवडावा लागतो ना, पोरी.”

त्याच्या आवाजात राग असता तर गोजरा भांडली असती. राग नव्हताच. तो उठला, बैल जुंपायला लागला, आणि ती तशीच पाराशी उभी राहिली. हे लोक आपल्या ओट्यावरून कधी उठून गेले, हे आपल्याला कळलंच कसं नाही, हाच विचार तिच्या डोक्यात घोळत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने ठरवलं, आज जवणी निम्म्या भावाने द्यायची. नुकसान सोसायचं. दवंडी पिटली. व्हायचं तेच झालं. निम्मा भाव ऐकताच सावकारांच्या घरची माणसं सकाळीच गाढवं घेऊन हजर झाली आणि रांजणच्या रांजण उचलून घेऊन गेली. दुपारी तांडे वर आले तेव्हा घरात थेंब उरला नव्हता.

गोजराचा नवरा रखमाजी स्वभावाने गरीब आणि थोडा आळशी होता. तो म्हणाला, “अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? आहे त्याच जवणीत निम्मं पाणी घाल आणि दे स्वस्तात.”

गोजराने तसं करून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून अंगणात थुंकली. “हे मी माणसाला देऊ? यापेक्षा विहिरीचं पाणी बरं. निदान ते आपण पाणी आहोत हे लपवत तरी नाही.”

त्यानंतर तिने तो नाद सोडला. ती कामाला लागली, पण कामात तिचं मन लागेना.

असेच काही दिवस गेले. एक दिवस गोजराने मुरलेल्या जवाचं गोड पाणी गाळून घेतलं आणि काहील धुवायचं काम रखमाजीकडे दिलं. तळाशी चोथा घट्ट बसला होता. तो उकरून काढायचा कंटाळा आला म्हणून रखमाजीने त्यावर कढत पाणी ओतलं आणि मऊ व्हायची वाट बघत खुशाल झाडाखाली जाऊन पडला. गोजरा बघायला आली. ती ओरडणारच होती, पण काहिलीतून आलेल्या वासाने थांबली. तिने बोट बुडवून चाटलं.

“अहो!” तिने हाक मारली. “यात अजून गोडवा आहे!”

रखमाजीने डोळे न उघडताच म्हटलं, “मग? आपल्या म्हशी काय उगीच खुशीत असतात?”

गोजराने ते पाणी वेगळं गाळून घेतलं. त्यात मध घातला नाही, किराईताच्या चार काड्या मात्र टाकल्या. उकळलं, निववलं, आधीच्या रांजणातला गाळ विरजणासारखा घालून आंबत ठेवलं. याला गुहेची गरज नव्हती. थोड्याच दिवसांत रांजणातून बुडबुडे यायचे थांबले. तिने पेला भरला. रंग फिका, गवतासारखा. चव हलकी, किंचित कडू, स्वच्छ. नशाही बेताचीच. पहिल्या जवणीसारखी ती नव्हतीच. पण उन्हातून आलेल्या माणसाची तहान भागावी, त्याला बरं वाटावं आणि उठून पुन्हा चालता यावं, अशी ती होती. तिच्यात खोटं काही नव्हतं.

जवाची किंमत पहिल्या जवणीतच वसूल झालेली. वरखर्च होता तो फक्त सरपणाचा आणि मेहनतीचा. तेव्हा भावही तसाच लावता आला.

पुढच्या वेळी खेमा आला तेव्हा तिने त्याला हाताला धरूनच ओट्यावर बसवलं आणि चंबू पुढे केला. त्याने एक घोट घेतला, मग दुसरा, मग चंबू रिकामा करूनच खाली ठेवला.

“ही कोण?” त्याने मिशा पुसत विचारलं.

“ती थोरली, ही धाकटी. आई एकच.”

“धाकट्या नेहमीच जरा अवखळ,” खेमा म्हणाला आणि त्याने गड्यांना हाक मारली.

ओटा पुन्हा भरू लागला. एका कडेला सरदार थोरली पीत, दुसऱ्या कडेला हमाल धाकटी. ही गोष्ट राजधानीला पोचायला कितीसा वेळ लागणार? एक दिवस खुद्द दिवाणाची पालखी दारात उतरली. भोई उन्हात उभे राहिले, दिवाण आत आला.

“बाई,” तो म्हणाला, “राजाच्या पंक्तीला जी जवणी येते, तीच इथे मिठाचे हमाल पितात असं पाहुणे म्हणायला लागलेत. आमची शोभा काय राहिली?”

“दिवाणसाहेब, ती नव्हे ही. दोन वेगळ्या आहेत.”

“नाव तुझंच ना? दारही तेच?” दिवाण काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. “मी धंदा बंद कर म्हणत नाही. त्या धाकटीला दुसरं काही नाव दे आणि मागच्या दाराने वीक. तुझं नाव तिला लावू नकोस. एवढं केलंस तर राजवाडा आहे तसाच तुझ्याकडून घेत राहील. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. संध्याकाळपर्यंत कळव.” आणि तो धर्मशाळेत विसाव्याला गेला.

रखमाजीचा चेहरा उतरला. “अगं, मागचं दार तर मागचं दार. माल तोच, भाव तोच. पिणाऱ्याला काय फरक पडतो? राजवाडा सुटला तर आपल्या गड्यांनी कुठे जायचं?”

तो चुकीचं बोलत नव्हता. निम्म्याहून जास्त मिळकत राजवाड्याची होती. गोजरा कितीतरी वेळ रांजणांपाशी बसून राहिली. मागचं दार तिने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. गोठ्याकडून जायची वाट, शेणाचा ढीग, आणि त्या वाटेने मान खाली घालून येणारा खेमा नाईक. धाकटी बनवताना तिने कुठे हात राखला नव्हता. मग ती लपवायची कशासाठी?

उन्हं कलल्यावर ती स्वतः धर्मशाळेत गेली. हात जोडून म्हणाली, “साहेब, मागच्या दाराने चोरीचा माल जातो. माझी धाकटी चोरीची नाही. ती पुढच्याच दाराने जाईल, माझ्याच नावाने. थोरली तुम्हाला हवी तेव्हा मिळेल, त्याच भावाने, त्याच चवीची.”

दिवाणाने खांदे उडवले. पालखी उठली. त्या महिन्यापासून राजवाड्याची मागणी बंद झाली, आणि राजवाड्याचं बघून सरदारांचीही.

पावसाळा कठीण गेला. घाट बंद, तांडे नाहीत, गुहेत थोरलीचे रांजण भरून पडलेले. गोजराने छप्पर शाकारायचं पुढे ढकललं, हातातल्या पाटल्या मोडल्या, पण एकाही गड्याला काढलं नाही. रखमाजी, ज्याला उठून पाणी घ्यायचा कंटाळा, तो पहाटे उठून सरपण फोडायला लागला. त्याने एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. गोजराच्या मनात मात्र ते रोज येई. आपण हट्टाने सगळ्यांना खड्ड्यात तर नाही ना घातलं?

दसरा झाला आणि घाट मोकळा झाला. पहिल्याच दिवशी बैलांच्या घंटा ऐकू आल्या, त्या थांबेचनात. खेमाचा तांडा होताच, पण त्याच्यामागे नारळवाले होते, सुक्या मासळीचे व्यापारी होते, आजवर खालच्या दुसऱ्या वाटेने जाणारे तेलाचे तांडेही होते. चार महिने खेमा आणि त्याचे गडी कोकणात बंदराबंदरांतून एकच सांगत फिरले होते: वरच्या घाटाने चला, चढ जरा जास्त आहे, पण वर पोचलात की गोजराबाईची धाकटी आहे, आणि ती पुढच्या ओट्यावर बसवून देते.

गोजराला त्या दिवशी जेवायलाही उसंत मिळाली नाही. व्यापारी माल विकून परतताना थोरलीची मडकी घरी न्यायला लागले. जिने धाकटी एवढी चांगली केली तिची थोरली कशी असेल, असं प्रत्येकालाच वाटायचं. वर्ष सरायच्या आत राजवाड्याचा माणूसही मुकाट्याने येऊन रांजण सांगून गेला. दुसरीकडची जवणी पाहुण्यांच्या घशाखाली उतरेना म्हणे. धाकटीचा विषय त्याने काढला नाही, गोजरानेही नाही.

पुढे एकदा खेमा नाईक नवं धोतर नेसून, कोरा पटका बांधून आला. बरोबर एक पाहुणा होता.

“गोजरे, हे माझे व्याही. लेकीचं लग्न ठरलं. आज थोरली दे.”

गोजराने सर्वांत जुना रांजण उघडला, मडकं भरून पुढे ठेवलं. खेमाने कनवटीला हात घातला तशी ती म्हणाली, “राहू द्या, नाईक. घरचं कार्य आहे. माझ्याकडून.”

खेमाने मान हलवली. “धाकटीचा भाव मी रोज देतो, हिचाही देणार. याच्यासाठी वर्षभर बाजूला टाकलेत. लेकीच्या सासऱ्याला फुकटची पाजली असं व्हायला नको.”

गोजराने पैसे घेतले, कपाळाला लावले आणि डब्यात टाकले.

खेमाने पहिला घोट घेतला. तो जिभेवर घोळवत गिळला. मग व्याह्याकडे वळून म्हणाला, “मी हिच्याशी भावावरून बोललो होतो बघा एकदा.” आणि गोजराकडे बघून मोठ्याने हसला. “महाग नाही गं ही. रोजची नाही, एवढंच.”

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: चांगल्या कामाचा पुरा भाव जरूर घ्यावा, पण ज्याला तो परवडत नाही त्याच्यासाठीही त्याच चुलीवर काहीतरी सच्चं करावं, आणि ते पुढच्या दाराने, आपल्या नावाने द्यावं.