भोईवाडीचं सामान

"उद्या सूर्य मावळायच्या आत भोईवाडी रिकामी झाली पाहिजे!" राजा मणिधरानं फर्मान काढलं. "घरं, होड्या, जाळी, जे जे तुमचं असेल ते सगळं उचला. तलावावर माणसाची एक खूणही दिसता कामा नये!"

कारण काय, तर महाराजांना नवा नाद लागला होता. कमळाई तलावाकाठी त्यांनी पाहुण्यांसाठी महाल बांधला होता. शेजारची राजेमंडळी तिथं बसून पाखरं बघणार, कमळं बघणार आणि वा वा करणार! त्यात मधेच मासळीचा वास आला तर? कारभारी अंतोजीरावांनी नाकाला उपरणं लावून दाखवलंसुद्धा. स्वतः मात्र रोज दुपारी याच तलावातले मासे चापायचे, बरं का!

वाडीत रडारड सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर पोट भरलेलं, आता जायचं कुठं? म्हातारा धोंडबा भोई डोक्याला हात लावून बसला.

त्याची नवी सून हौसा मात्र पदर खोचून उठली. "मामंजी, रडताय काय? हुकूम आहे ना, मग तो पाळायचा. अगदी तंतोतंत! बायांनो, कुदळी आणि पाट्या घ्या!"

दुसऱ्या दिवशी महाराज महालाच्या सज्जात येऊन बघतात तो काय! सगळी वाडी तलावाच्या बांधावर चढलेली, आणि बाया बांध खणून माती पाट्यांत भरतायत! महाराज तसेच अनवाणी धावत सुटले. मागून अंतोजीराव धापा टाकत.

"अगं ए, बांध काय खणतेस? वेड लागलं का?"

"सामान आवरतेय, महाराज," हौसा म्हणाली. "हा बांध आमच्याच लोकांनी घातला. अजूनही वाडीत नवी नवरी आली की आधी बांधावर पाटीभर माती टाकते, मगच माप ओलांडते. ही माझी पाटी, ही सासूबाईंची, ही आजेसासूबाईंची! आमचं काही मागं राहिलं, तर कारभारी आम्हालाच धरतील!"

"अगं, पण पाणी वाहून जाईल ना!"

"पाणी देवाचं, महाराज. त्याला आम्ही हात लावत नाही. ते जाईल बापडं त्याच्या वाटेनं!"

"आणि माझी पाखरं?"

"ती जातील पाण्यामागं. पाहुण्यांना चिखल दाखवा की! माणसाची खूण औषधालाही सापडायची नाही त्यात."

अंतोजीराव पुढं सरसावले. "माती इथंच ठेवा आणि चालू पडा!"

"ठेवते की! पण मग माणसाची एवढी मोठी खूण मागं राहणार. महाराजांचा हुकूम मी कसा मोडू? तुम्हीच मोडा, कारभारी!"

पुढं सरसावलेले अंतोजीराव तसेच दोन पावलं मागं सरकले. ते बघून महाराज पोट धरून हसत सुटले.

"पोरी, हरलो! हुकूम मागं घेतला. वाडी इथंच राहील, आणि माझ्या पाहुण्यांना होडीतून भोईच फिरवतील!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. "आणखी काय हवं, बोल!"

"महाराज, तुमचा महालही वाडीत नवाच आलाय. त्याची पाटी अजून पडायची आहे!"

महाराज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बघताय काय, अंतोजीराव? उचला पाटी!"