बिनखोडीचा आचारी

"तुझ्या बापाला खोड आहे!" भुजंगराव राजे गरजले. "फोडणी घालताना गुणगुणतो. मला खपत नाही. उद्यापासून दुसरा आचारी."

दाजीभट आचारी खाली मान घालून उभे होते. पुढे झाली ती त्यांची मुलगी सगुणा. तपकीर ओढतो म्हणून माळी गेला, घोरतो म्हणून घोड्यांचा मोतद्दार गेला. आता बाबांनी या वयात गाव सोडून जायचं कुठे?

"सरकार, खोड नसलेला माणूस मिळायचा कुठे?"

"तूच आणून दे. उद्या सकाळी तसा आचारी चुलीपुढे बसव, तुझ्या बापाची चाकरी कायम. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचला."

सकाळी सगुणाने शेजारच्या मळ्यातलं बुजगावणं उचलून आणलं, त्याला बाबांचं सोवळं नेसवलं आणि चुलीपुढे बसवलं.

"बघा सरकार. गुणगुणत नाही, घोरत नाही, उलटून बोलत नाही. आमच्या आळीतल्या बायकांनीसुद्धा याला कधी नावं ठेवली नाहीत."

राजांनी मडक्याच्या डोक्याकडे टक लावून पाहिलं. पण हार मानतील तर ते भुजंगराव कसले!

"ठीक आहे. खोड दिसत नाही खरी. राहू दे."

दुपारी राजे पाटावर बसले. ताट रिकामं. पोटात कावळे ओरडायला लागले.

"अगं, जेवण कुठे आहे?"

"आचारी सकाळपासून जागचा हलला नाही, सरकार."

"पण चूल कुठे पेटलीय?"

"तेवढं त्याला जमत नाही. बाकी वागायला अगदी सरळ."

"जमेल कसं? त्याच्यात जीव कुठे आहे?"

"जीव असता तर खोडही असती, सरकार. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बिनखोडीचा आत बसलाय, खोडीवाला बाहेर ओट्यावर. वाढायला कुणाला सांगू?"

राजांनी एकदा बुजगावण्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे.

"बोलाव तुझ्या बापाला."

थोड्याच वेळात आमटीचा वास सुटला आणि त्यामागोमाग गुणगुण ऐकू आली. राजे पाटावर बसून ऐकत राहिले. मग त्यांनी सगुणाला जवळ बोलावलं.

"पोरी, तू भलतीच हुशार. आता माझी खोड कोणती, ते सांग बघू."

आतली गुणगुण एकदम थांबली.

"आधी जेवून घ्या, सरकार," सगुणा म्हणाली. "उपाशीपोटी सोसायची नाही."

राजे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि माळ्याला नि मोतद्दाराला बोलावणं धाडलं.