दुर्लभराजाच्या प्रवासाचा मुहूर्त

"ऊन लागता कामा नये, पाऊस लागता कामा नये, थंडी वाजता कामा नये! असा मुहूर्त काढा!" दुर्लभराजानं फर्मान सोडलं.

राजाचं राज्य समुद्रकाठी आणि लेक दिलेली पार वाळवंटापलीकडे. तिला मुलगा झाला. नातवाचं तोंड पाहायचं, पण वाटेत अंगाला काही लागू द्यायचं नाही. आता बोला!

जोशीबुवांनी पंचांग चाळचाळ चाळलं. "महाराज, आपल्याकडे आश्विनापर्यंत पाऊस. पुढे वाळवंटात रात्री हुडहुडी. फाल्गुन उजाडला की झळा! मुहूर्तच नाही."

मग राजानं पालखीचा म्होरक्या सटवाजी भोई याला विचारलं. वीस वर्षं ती वाट तुडवलेला माणूस, सरळ बोलून गेला, "कार्तिकात निघू, महाराज. तरी दुपारचं ऊन लागणारच!"

"लागणारच? टाका याला कोठडीत! मुहूर्त मिळेपर्यंत सोडू नका!"

म्हणजे जन्मठेपच की!

दुसऱ्या दिवशी सटवाजीची लेक भिवरा दरबारात आली. बापापायी तिचा जीव टांगणीला लागला होता, पण आवाज खणखणीत!

"महाराज, मुहूर्त मिळाला. ज्येष्ठातली भर दुपार!"

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" जोशीबुवा ओरडले. "तेव्हा तिथल्या वाळूत पापड भाजतो!"

"ज्येष्ठ नको? मग श्रावणातला धो धो पाऊस चालेल. पौषातली पहाटही चालेल."

राजा खवळला. "थट्टा करतेस आमची?"

"एक विचारू, महाराज? गेल्या ज्येष्ठात आपण वाळवंटाच्या कडेला शिकारीला गेला होतात. पालखीला वर छत, चारी बाजूंना वाळ्याचे ओले पडदे. तेव्हा वाटेत काय काय लागलं आपल्याला?"

राजानं आठवून पाहिलं. "भूक लागली. मग झोप लागली."

"आणि ऊन?"

"छे!"

"मग आबा काय चुकीचं बोलले? ऊन लागणार म्हणाले. महाराजांना लागणार, असं म्हणाले का? लागतं ते पालखीखालच्या आठ जणांना! परत आल्यावर आई महिनाभर आबांच्या तळपायांना तूप चोळत होती. आत बसणाऱ्याला बाराही महिने मुहूर्तच, महाराज. बघायचा तो उचलणाऱ्यानं. आणि तो बघणाराच आपण कोंडून ठेवलात!"

राजा आधी ओशाळला, मग पोट धरधरून हसायला लागला.

"शाब्बास, पोरी! कोणाला लागणार, एवढंच विचारायचं राहिलं बघ आमचं!"

सटवाजी तिथल्या तिथं सुटला. भिवराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आठही भोयांना जाड तळाच्या नव्या वहाणा. शिवाय हुकूम निघाला, की पालखी कधी निघणार आणि कुठं थांबणार ते यापुढे भोयांनीच ठरवायचं. महाराज कार्तिकात निघाले. आणि जोशीबुवा? भेटेल त्याला सांगत सुटले, "मी तर पहिल्यापासून कार्तिकच म्हणत होतो!"