पणजोबांचा खजिना गेला कुठं?

"उद्या दिवस मावळायच्या आत खजिना काढून दे, नाहीतर तुमची अख्खी आळी उकरून टाकतो!" कनकसेन महाराज गरजले.

समोर काखेत परात घेऊन भिवरा उभी होती. सोनारांच्या दुकानातला केर धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण वेचायचे, हा तिच्या झारेकरी आळीचा धंदा. आळीत पन्नास घरं, आणि पावसाळा तोंडावर आलेला.

महाराजांना वेड एकच. पणजोबांच्या काळी या देशात सोन्याचा धूर निघत होता म्हणे! मग ते सोनं गेलं कुठं? त्यापायी त्यांनी बाजार खणला, तळं उपसलं, राजगुरूंचं अंगणही सोडलं नाही. सापडलं काय, तर राजगुरूंनी बायकोपासून लपवलेली लोणच्याची बरणी!

"केरातून सोनं काढता ना? मग खजिना काय जड आहे तुम्हाला?"

"जड न्हाई, महाराज. पर कुठला केर धुवायचा, ते म्या ठरवणार."

"ठरव!"

"राजवाड्याच्या संडासामागं गटार हाय ना? त्यातला गाळ द्या."

दरबारानं उपरणी नाकाला लावली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या चौकात भिवरानं सात घमेली गाळ धुतला. नाकं दाबून का होईना, सगळे सरदार बघायला हजर! ऊन कलायला लागलं तेव्हा परातीच्या तळाशी पिवळी चमक उरली. चिमूटभरच, पण अस्सल सोनं!

"एवढंच? बाकीचं कुठाय?" महाराज ओरडले.

"महाराज, सकाळी काय खाल्लंत?"

"शिरा. वर सोन्याचा वर्ख. घराण्याची रीतच आहे आमच्या! पणजोबा तर भातावर, भाजीवर, विड्यावर, अगदी ताकातसुद्धा..."

बोलता बोलता महाराज थांबले.

"चार पिढ्यांनी खजिना खाल्ला, महाराज, आन् तुम्ही लोकांची घरं खणताय व्हय?"

महाराजांचं तोंड लालबुंद झालं, गाल फुगले, आणि ते असे हसत सुटले की मुकुट घरंगळून घमेल्यात पडला!

"खणणं बंद! माग काय हवं ते."

"या गटाराचा गाळ पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आळीला द्या."

"आणि मी वर्ख खाणं सोडलं तर?"

"तर तुमच्या पणतवंडांना खजिना सापडंल की! त्यो बी न खणता!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. गटार तर त्यांनी आळीच्या नावे केलंच, वर हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या परातीत टाकलं.

"घेऊन जा, बाई! मी खाऊन टाकायच्या आत!"