राणी हेमकळा आणि हरपलेली नावे

एका राज्यात हिरण्यबाहू नावाचा राजा होता. त्याने एकदा कृष्णशिखरावर स्वारी केली आणि कपालकेतू जादूगाराचा रत्नांचा पेटारा लुटून आणला. जादूगाराने शस्त्र उचलले नाही. तो एवढेच म्हणाला, "राजा, तू माझे धन नेलेस. मी तुझ्या राज्यातल्या लेकरांच्या मनातल्या भावांची नावे नेतो."

राजा हसला. नावे गेल्याने काय बिघडते, असे त्याला वाटले.

त्या दिवसापासून लेकरांना आपल्या मनात काय चालले आहे ते कळेनासे झाले. आणि ज्याला नाव नाही ते देहावाटे बाहेर पडू लागले. चिडलेल्या पोराच्या श्वासाने पडदे पेटत. घाबरलेली पोर धुक्यासारखी विरळ होई आणि आईच्या मुठीतून तिचा हात निसटून जाई. मोठी माणसे राग, भीती हे शब्द सांगून पाहत, पण लेकरांच्या कानी पडेपर्यंत त्यांची वाळक्या पानांची सळसळ होई.

राणी हेमकळेचा पाच वर्षांचा कुवलय एके सकाळी अंगणात बसला तो उठेचना. त्याचे लाडके हरणाचे पाडस दगावले होते. राणी त्याला उचलू गेली, तर तो डोंगरासारखा जड. हत्ती आणला, तरी तो जागचा हलला नाही. त्याची पावले दगडाची होऊ लागली होती.

"आईसाहेब, मला काय होतंय?"

"तुला दुःख झालंय, बाळा."

 कुवलयला सळसळ तेवढी ऐकू आली.

तेव्हा तटावर बसलेला भारद्वाज पक्षी मनुष्यवाणीने बोलला, "राणी, कृष्णशिखरावर जा. तीन भाव ओळखलेस तर नावे सुटतील. चुकलीस तर तूही शिळा होशील."

"मी सैन्य घेऊन येतो," राजा म्हणाला.

"हे सैन्याचे काम नव्हे, महाराज," असे म्हणून राणी एकटी निघाली.

शिखराच्या पायथ्याशी गुहेच्या तोंडी एक वाघ डरकाळ्या फोडत होता. त्याच्या आवाजाने कडे ढासळत होते. राणीने त्याच्यावरची नजर हटवली नाही. वाघाचे कान मागे चिकटलेले होते, शेपूट पोटाखाली गेले होते, आणि प्रत्येक डरकाळीबरोबर तो एक पाऊल मागे सरकत होता.

"ही भीती आहे," राणी म्हणाली. वाघ गप्प झाला आणि वाट सोडून बाजूला बसला.

वर एक सोन्याची पुतळी खळखळून हसत होती. असे गोड हसू राणीने कधी ऐकले नव्हते. तिलाही हसू येऊ लागले. मग तिने पाहिले, की पुतळीचे डोळे हसत नव्हते आणि बोटांनी पदराचे टोक घट्ट धरून ठेवले होते.

"हे दुःख आहे," राणी हळूच म्हणाली. पुतळीचे हसू थांबले आणि सोन्याच्या गालांवरून खरे पाणी ओघळले.

माथ्यावर एका कुंडाशी कपालकेतू उभा होता. "या पाण्यात पाहा. तुझ्या मनात काय आहे?"

"चिंता. माझ्या लेकराची."

पाणी काळवंडले. राणीची पावले गार पडली, दगडासारखी.

"ती आहेच," जादूगार म्हणाला. "तिच्याखाली काय आहे?"

राणीने डोळे मिटले. तिची कानशिले तापली होती, दातांवर दात बसले होते, मुठी आवळलेल्या होत्या. केव्हापासून, तिलाच ठाऊक नव्हते. सारे राज्य तिला शांत राणी म्हणत असे.

"राग," ती म्हणाली. "महाराजांवर. एका पेटाऱ्यापायी त्यांनी लेकरांवर हे संकट ओढवले."

ते शब्द साऱ्या शिखरांवरून घुमले. कुंडातले पाणी आरशासारखे लख्ख झाले आणि त्यातून नावे उडाली, काजव्यांच्या थव्यांसारखी, इतकी की दिवसाचे आकाशही त्यांनी उजळले. जादूगाराने राणीपुढे मस्तक लववले.

राणी परतली तेव्हा कुवलय छातीपर्यंत दगड झाला होता. ती त्याच्याजवळ भुईवर बसली. जीव कासावीस झाला होता, तरी तिने घाई केली नाही.

"आत काय होतंय, सांग."

"इथं जड लागतंय. पाडस सारखं दिसतं, पण ते नाहीये."

"त्याला दुःख म्हणतात, बाळा."

"दुःख," कुवलय म्हणाला. मग तो रडला, आणि पाण्यात मीठ विरघळावे तसा दगड विरघळला. राणीने त्याला कडेवर घेतले. तो पाच वर्षांच्या मुलाइतकाच जड होता.

मग ती राजाकडे वळली. "महाराज, मला तुमचा राग आला आहे."

राजाने मान खाली घातली. त्याच दिवशी तो अनवाणी, पेटारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन कृष्णशिखर चढला.

पुढे राज्यातली लेकरे रडली, रुसली, घाबरली, आणि तसे सांगू लागली. एका संध्याकाळी कुवलय राणीच्या मांडीवर पडून म्हणाला, "आईसाहेब, पाडस उड्या मारायचं ते आठवलं की मला हसू येतं, आणि लगेच रडूही. याचं नाव काय?"

राणीने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आपण दोघं शोधू."

आणि त्या लेकराच्या मनात उघडलेल्या नव्या राज्याकडे ती थक्क होऊन पाहत राहिली.