लवंगीचं जावळ

आधी पाय गोधडीत घ्या. इंदे, तू भिंतीकडे सरक. डोळे मिटून ऐकायची अट आहे, बरं का. ज्याचे डोळे उघडे त्याला माझी गोष्ट ऐकूच येत नाही.

तर काय झालं, एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. धुकटवाडी त्याचं नाव. गाव इतकं उंच, की ढग खाली आणि घरं वर. तिथे गोजरा नावाची एक सून राहायची. घरात ती, तिचा नवरा आणि तिची सासू. नवरा भला माणूस, पण या गोष्टीत त्याचं काही काम नाही, म्हणून त्याला आपण रानात पाठवून देऊ. सासू मात्र हवी. सासूची जीभ अशी, की मिरचीनं तिच्याकडे शिकायला यावं. पण पोटात माया होती हो म्हातारीच्या.

गोजराला माहेर नव्हतं. म्हणजे एके काळी होतं, खाली देशावर, नदीच्या काठी. वडील ती लहान असतानाच गेले. भाऊ नव्हताच. लग्न झालं आणि मागोमाग आईही गेली. माहेरच्या दाराला कडी लागली ती लागलीच. आईनं सासरी पाठवताना लेकीच्या पदरात एक पुरचुंडी बांधली होती. तिच्यात लवंगी मिरचीचं बी होतं. "डोंगरावर जेवण अळणी असतं म्हणतात, बाळा. हे लाव. तोंडाला चव राहील," असं आई म्हणाली होती.

पण आई गेल्यावर गोजराला ती गाठ सोडवेचना. हातात घ्यायची, वास घ्यायची, परत फडताळात ठेवायची. वेडी माया, दुसरं काय! शेवटी श्रावणात सोडली, तर अर्धं बी उंदरांनी नेलेलं. उरलेलं पेरलं, ते कोंबड्यांनी उकरलं. मग एकच रोप वाचलं. एकुलतं एक. तिनं ते फुटक्या घागरीच्या बुडात लावलं आणि त्याचं नाव ठेवलं लवंगी. सकाळी उठली की आधी लवंगीशी बोलायची, मग चहाचं आधण.

लवंगी वाढली. पांढरी फुलं आली. दोन मिरच्याही धरल्या, हिरव्यागार. पण बी हवं तर मिरची झाडावरच पिकून लाल व्हावी लागते. हिरव्या मिरचीतलं बी कोवळं, ते रुजत नाही. आणि तेवढ्यात कोजागिरी झाली, आणि गारठोबा निघाला.

गारठोबा कोण? अरे, थंडी घेऊन येतो तो. दरवर्षी यायचा. उंच, किडकिडीत, डोक्याला पांढरं मुंडासं, पाय अनवाणी. तो आला की गावात धडाधड दारं लागायची. कुणी त्याला या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. तो ज्या रोपाला हात लावी, ते सकाळी काळं पडलेलं असे. म्हणून त्या गावात मिरचीचं रोप कधी हिवाळा ओलांडून गेलंच नव्हतं.

"आगं, ते रोप उपटून टाक," सासू म्हणाली. "गारठोबा मिरची ठेवत न्हाई."

"ठेवील, आत्याबाई. मी जपेन तिला."

मग गोजरा लागली जपायला. आधी काय केलं, तर पाणी घातलं. सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर, दिवेलागणीला तांब्याभर. लवंगीची पानं पिवळी झाली. मग तिनं स्वतःची गोधडी रोपाभोवती गुंडाळली, अगदी बाळंतिणीसारखी. लवंगी आतल्या आत घामेजली, आणि फुलं गळली. मग तिनं घागर उचलून थेट चुलीपुढे ठेवली. झालं! एका अंगाची पानं होरपळून कुरकुरीत झाली.

सासूनं कपाळावर हात मारला. "थंडीनं मरायची ती मरंल, तू मायेनंच मारशील गं तिला!"

गोजरा कोपऱ्यात बसून रडली. खरंच होतं ते. तिला आपली जपायची हौस, पण जपावं कसं ते कुठे ठाऊक होतं? आणि हे रोप गेलं, की आईचं म्हणून या जगात काही उरणार नव्हतं.

तेवढ्यात दिवाळी आली, आणि भाऊबीज. आता ज्या बाईला भाऊ नसतो, ती कुणाला ओवाळते? चांदोबाला. बरोब्बर! गोजरा दरवर्षी चांदोबालाच ओवाळायची. तिनं ताटात दिवा घेतला, कुंकू घेतलं, सुपारी घेतली आणि संध्याकाळची अंगणात आली. पण त्या दिवशी असं धुकं, असं धुकं, की आभाळच दिसेना. चांदोबा कुठला दिसायला! ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली.

आणि मग तिला कवाडापाशी कुणीतरी दिसलं. उंच, किडकिडीत, पांढरं मुंडासं. सगळ्या गावाची दारं लागलेली, म्हणून बिचारा आपला कुणाच्या तरी अंगणात डोकावून बघत होता.

गोजरानं ओळखलं. भीती वाटली, नाही असं नाही. पण ओवाळायला आणलेलं ताट परत न्यायचं कसं? सणाच्या दिवशी दारात आलेला माणूस तो. ती म्हणाली, "दादा, आत या. पाटावर बसा."

गारठोबानं मागे वळून बघितलं. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणतेय.

मग तो उंबऱ्याबाहेरच बसला, अंग चोरून. गोजरानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळ नदीतल्या गोट्यासारखं गार. तिनं ओवाळलं. ज्योत थरथरली, पण विझली नाही. आणि गारठोबाच्या डोळ्यांतून टपटप दहिवर गळायला लागलं.

"आक्का, आजवर मला कुणी दादा म्हटलं न्हाई," तो म्हणाला. "ओवाळणी काय घालू? माझ्यापाशी काय बी न्हाई गं."

"माझी लवंगी मला ठेव, दादा. मला दुसरं काही नको."

"मी कुठं नेतो तिला? मी निस्ता हात लावतो. मला बी वाटतं, हिरवं काही कुरवाळावं." असं म्हणून त्यानं, गोजरानं उंबऱ्याशी आणून ठेवलेल्या लवंगीच्या एका पानाला अगदी हलक्या बोटानं शिवून दाखवलं. पान जागच्या जागी काळं पडलं. त्यानं चटकन हात मागे घेतला आणि शेल्यात लपवला. "बघितलंस? माझा हातच असा. पान दिसलं की त्याला बाधतो. बोडक्या काडीला मात्र मी काय बी करू शकत न्हाई. झाडं मोठी शहाणी, मी यायच्या आत पानं टाकून निजतात. ही तुझी अजून लहान आहे. हिला कळत न्हाई."

आता काय करावं?

तेव्हा आतून सासूचा आवाज आला. ती मघापासून दाराआडून ऐकत होती, बरं का. सासवांचे कान असतातच तसे. "आगं गोजरे, भाचीचं जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात. मामा दारात बसलाय न्हवं? मग वाट कसली बघतीस?"

जावळ म्हणजे काय, माहीत आहे ना? तान्ह्या बाळाचे पहिले केस. तुमचंसुद्धा काढलं होतं. इंदी तर अशी रडली होती, की चार घरं गोळा झाली. पण केस काढले म्हणून कुणी मूल कमी होतं का? उलट दाट येतात.

मग काय झालं, सासूनं गारठोबाच्या मांडीवर जाड घोंगडी घातली आणि घोंगडीवर घागर ठेवली. त्यानं दोन्ही हात शेल्यात गुंडाळून घागर धरली. भाचीला चुकूनही बोट लागू नये म्हणून श्वासही दुसरीकडे सोडत होता. गोजरानं कात्री घेतली.

आधी तिनं पिवळी पानं कापली. ते जमलं. मग हिरवी पानं कापली. एकेक करत, थांबत थांबत. मग राहिला शेंडा, आणि शेंड्याला त्या दोन मिरच्या. कात्री पुढे जाईना. "नाही होणार माझ्याच्यानं," ती म्हणाली. "आईची मिरची आहे ही."

"आईनं तुझं जावळ काढलंच असंल की," गारठोबा हळूच म्हणाला. "तिला काय कमी माया होती?"

गोजरानं डोळे मिटले आणि कात्री चालवली. घागरीत उरली वीतभर काडी.

त्या दोन मिरच्यांचं काय झालं म्हणता? सासू त्या वाया घालवतेय होय! तिनं तव्यावर भाजून, लसूण-मीठ घालून ठेचा केला आणि नाचणीच्या भाकरीबरोबर पाहुण्यापुढे ठेवला. गारठोबानं पहिला घास घेतला. नाक लाल झालं. दुसरा घेतला. कान लाल झाले. तिसऱ्या घासाला तो उठून अंगणात नाचायलाच लागला! त्या संध्याकाळी साऱ्या गावाला अचानक उकडायला लागलं आणि लोकांनी घोंगड्या फेकल्या. म्हणाले, हे काय आक्रीत!

जाताना मामानं बजावलं, "आक्का, हिला चुलीमागच्या भिंतीशी ठेव, चुलीपुढं नको. माती पार सुकली तरच घोटभर पाणी. आणि निजू दे. सारखी उठवू नको."

काही न करणं हे फार अवघड काम असतं, बाळांनो. गोजरानं ते केलं. मार्गशीर्षात शेजारणी हसायला लागल्या, म्हणाल्या, गोजरा काडीला जोजवतेय. तिनं नखानं काडी जराशी खरवडून पाहिली, आत हिरवं होतं. पौषात गारठोबा ऐन भरात आला. विहिरीच्या काठावर दव गोठलं. पण गोजराच्या घरावरून जाताना तो चवड्यांवर जायचा. पुन्हा तिनं नख लावलं, आत हिरवं होतं, पण अगदी पुसट. माघात मात्र तिला खरवडायचा धीर झाला नाही. हिरवं नसलं तर? ती नुसती काडीपाशी बसून राहायची. मग सासूच येऊन तिच्या शेजारी बसायची आणि काही बोलायची नाही. सासू काही बोलायची नाही, म्हणजे बघा!

मग आली होळी. होळी जळाली, थंडी पळाली, म्हणतात ना? त्या दिवशी गारठोबाला निघावंच लागतं. सकाळी गोजरा चुलीमागे गेली, आणि काय बघते! काडीच्या एका डोळ्यावर हिरवा ठिपका. मोहरीएवढा.

तिनं घागर काखोटीला मारली आणि पळत सुटली. अनवाणी, केस सुटलेले, मागून सासू ओरडतेय, "आगं, पडशील!" गावाच्या कडेला पोचली, तर गारठोबा पलीकडची टेकडी चढत होता. होळीच्या उन्हानं पार विरत आला होता बिचारा.

"दादा, थांब! उठली रे! लवंगी उठली!"

तो वळला. दोन पावलं पुढे आला आणि थबकला. "जवळ नको आणू, आक्का. माझा वारा लागंल तिला. तिथूनच दाखव."

गोजरानं घागर दोन्ही हातांनी उंच धरली. इकडच्या टेकडीवर ती, तिकडच्या टेकडीवर तो. त्यानं हात शेल्यात घट्ट बांधून घेतले आणि डोळे बारीक करून खूप वेळ बघितलं.

"कुणावर गेलीय गं?" त्यानं विचारलं.

आता मोहरीएवढ्या कोंबाला कसलं आलंय नाक आणि कसले डोळे! पण मामा विचारतोय म्हटल्यावर सांगायला नको?

"आजीवर गेलीय," गोजरा म्हणाली. "माझ्या आईवर." आई गेल्यापासून तिनं आईचं नाव असं हसून कधी घेतलं नव्हतं.

मामा हसला, आणि उन्हात विरून गेला.

मग लवंगी अशी फुटली, अशी फुटली, की घागर दिसेना. उन्हाळ्यात मिरच्या लालभडक झाल्या. गोजरानं बी धरलं आणि घरोघर वाटलं. धुकटवाडीच्या जेवणाला चव आली, आणि पुढच्या भाऊबीजेला गावातल्या प्रत्येक बाईनं दार उघडं ठेवलं. सगळी सुखात राहिली, सासूसुद्धा.

आणि गोजराला कुणी विचारलं, "बाई, तुला माहेर आहे का गं?" की ती म्हणायची, "आहे की! भाऊ तेवढा उन्हाळ्यात येत नाही."

चला, आता निजा. झोपली का रे सगळी? इंदे, तुझे डोळे उघडे आहेत. मिट बघू. मी बसलेय इथे.